वाचक विचारतात : छडी न ठेवता वर्ग कसा सांभाळू?

प्रश्न : नमस्कार मॅडम. डीएड झालं, टीईटी झाली, मग पवित्र पोर्टलवर नंबर लागायची वाट बघण्यात लई वर्षं गेली, आणि आता बीड जिल्ह्यात एका तांड्याजवळच्या झेडपी शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलोय. तिसरीचा वर्ग आहे. दोन महिने झाले पण वर्ग काही हातात येईना. पुढची लेकरं नुसता गोंधळ घालतात आणि तांड्यावरची मागं बसून तोंडच उघडत नाहीत. जुने सर म्हणतात छडी नुसती टेबलावर ठेवा, मारायची गरजच पडत नाही. मला पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही कळेना.

उत्तर : सर, पटत नाही ना, मग ठेवूच नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारायला तर बंदी आहेच पण मानसिक त्रासालाही आहे, आणि रोज डोळ्यासमोर छडी दिसणं हा त्रासच आहे. छडीनं वर्ग गप बसतो हे खरं, पण मागची लेकरं तर आधीच गप आहेत, त्यांचं काय करणार?

माझ्या मते तुमचं खरं काम त्या मागच्या लेकरांपाशी आहे. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं लेकरू शाळेत आलं की एकदम पुस्तकातली मराठी कानावर पडते, त्याला येत नसतं असं नाही, तुम्ही काय विचारलं तेच उमगत नाही. आईला याडी म्हणतात एवढं तरी शिकून जा, बाकीचे शब्द त्यांनाच विचारा आणि फळ्यावर गोरमाटी आणि मराठी शेजारी शेजारी लिहा. सरांना शिकवायला मिळतंय म्हटल्यावर मागची पोरं आपसूक पुढं सरकतात, हे मी स्वतः पाहिलंय.

गोंधळ करणाऱ्यांना काम द्या हो. हजेरीला गैरहजर कोण ते त्यांना सांगू द्या, खडू, पाणी, वह्या वाटणं, आणि दर आठवड्याला पोरं बदला. सकाळची पहिली दहा मिनिटं रोज एकसारखी ठेवा, गाणं म्हणा, गोष्ट सांगा, काहीही चालेल पण रोज तेच.

एक चूक माझी सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एक मुलगी पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर मार्चच्या शेवटाला, साखर कारखान्यावरून परत आली आणि मी भर वर्गात विचारलं, इतके दिवस कुठं होतीस गं? पोरगी खाली बघून उभी राहिली, दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिला घ्यायला मी घरी गेले तेव्हा कळलं की आईबाप ऊस तोडायचे आणि तान्हा भाऊ हिच्या कडेवर, चुलीवर भात पण हीच टाकायची. आठ वर्षांची होती. तिला मोळ्या मोजता येत होत्या, आणि मी तिला पहिलीची बेरीज देत होते. तुमच्याकडं अशी लेकरं येतील तेव्हा "आलास, बरं झालं" एवढंच म्हणा आणि जागा रिकामी ठेवलेली दाखवा.

आणि आत्ताच घरोघर जाऊन यादी करा की कोणाचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, जाणार, लेकरू आजीपाशी राहू शकतं का, नसेल तर हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या आणि मुख्याध्यापकांच्या मागं लागा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की घराला कुलूप असतं आणि मग बोलायला कुणी सापडत नाही.