जर्मनीत नर्स म्हणून काम करताना त्वचेच्या रंगावरून खरंच त्रास होतो का?

होतो. पण तुम्हाला ज्याची भीती वाटतेय, म्हणजे रस्त्यात कुणीतरी ओरडेल, अंगावर येईल, ते माझ्या वाट्याला फारसं आलेलं नाही. जे आलं त्याबद्दल एजन्सीवाले काही बोलत नाहीत आणि आधी आलेल्या मुलीही इन्स्टावर टाकत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालंय, रंग काळा आहे, जर्मन भाषेच्या बी-टू पातळीची तयारी चालू आहे आणि एजन्सी पूर्व जर्मनीतल्या थुरिंगिया राज्यातल्या एका छोट्या गावातली जागा दाखवतेय. मी मिरजेत शिकले, तिथेच वॉर्डात काम केलं, आणि आता बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये वृद्धांच्या फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे शुश्रूषा-गृहात, नोकरी करते. हे तेच राज्य, ज्याच्याशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. त्यामुळे असे प्रश्न आता मला बरेच येतात.

पहिली गोष्ट, आपल्याकडच्या रंगाच्या पायऱ्या इथे चालत नाहीत. माझ्याबरोबर आलेली कोल्हापूरची एक मुलगी घरी ‘गोरीपान’ म्हणून वाढलेली. तिच्या लग्नाच्या बायोडेटात तेच सगळ्यात वर होतं. इथे तिच्यात आणि माझ्यात कुणाला फरक दिसत नाही, दोघीही ‘ती काळी सिस्टर’. मला जन्मापासून सवय होती, तिला नव्हती. पहिल्या हिवाळ्यात जास्त ती खचली.

आता रुग्णांबद्दल. आमच्याकडे राहणारे बहुतेक जण १९३० आणि ४० च्या दशकात जन्मलेले, आणि निम्म्याहून जास्त जणांना डिमेन्शिया. एक आजी सकाळच्या अंघोळीला ओला कपडा माझ्याच हातातून घ्यायच्या आणि माझा हात घासायला लागायच्या, रंग निघतो का बघायला. निघाला नाही की चिडायच्या. दहा मिनिटांनी तोच हात धरून कॉफी मागायच्या. अशा माणसाचं वाईट वाटून घ्यायचं नाही हे सांगावं लागत नाही, ते आपोआप होतं. मेंदूचा आजार असलेला माणूस चावतोसुद्धा, ओचकारतोसुद्धा, आपण त्याला वैर म्हणत नाही.

डोकं पूर्ण शाबूत असलेल्यांची गोष्ट वेगळी. एक निवृत्त गृहस्थ होते, रोज वर्तमानपत्र वाचणारे, शेअरचे भाव सांगणारे. मी आत गेले की छताकडे बघून म्हणायचे, “मला जर्मन नर्स हवी. पैसे मी भरतो.” इथे खरी परीक्षा सुरू होते, आणि ती त्या आजोबांची नसते, तुमच्या वरिष्ठांची असते.

माझ्या पहिल्या वॉर्डप्रमुख बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी शांतपणे खोल्या बदलून दिल्या. “उगाच वाद कशाला, तू पलीकडची बाजू घे.” ऐकायला सोयीचं वाटतं. पण त्याचा परिणाम असा की ज्यांना उचलायला दोन माणसं लागतात त्या खोल्या माझ्याकडे, आणि स्वतः चालत बाथरूमला जाणारे, तक्रार करू शकणारे, नातेवाईक रोज येणारे रुग्ण बाकीच्यांकडे. महिनाभरात माझी पाठ गेली. वर ड्यूटी बदलताना तोंडी निरोप पुढे जायला लागला की ‘१२ नंबरला हिला पाठवू नका’. कुणी वाईट वागलं असं म्हणता येत नव्हतं, पण त्या आजोबांच्या मर्जीप्रमाणे अख्ख्या वॉर्डाचा तक्ता लागत होता.

नंतर आलेल्या प्रमुख बाई मूळच्या क्रोएशियन. त्या सरळ खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, “आज ड्यूटीवर हीच आहे. मदत नको असेल तर तो तुमचा हक्क आहे, तसं मी लिहून ठेवते. दुसरी कुणी येणार नाही.” आजोबांनी दोन सकाळी अंघोळ केली नाही. तिसऱ्या दिवशी केली. आमचं प्रेम वगैरे जुळलं नाही, शेवटपर्यंत ते माझ्याशी तुटकच वागले. पण काम झालं आणि माझी पाठ वाचली.

हे त्या बाईंचं मोठेपण होतंच, पण कायदाही तेच सांगतो हे मला फार उशिरा कळलं. इथे २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, सगळे त्याला आ-गे-गे म्हणतात. त्याच्या १२ व्या कलमात लिहिलंय की तिसऱ्या व्यक्तीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, रुग्णाकडून कर्मचाऱ्याला असा त्रास होत असेल तर त्याला वाचवणं हे मालकाचं काम आहे. १३ व्या कलमात तक्रारीचा हक्क आहे, १६ व्यात तक्रार केली म्हणून नुकसान करायला बंदी. ब्रिटनमध्ये तर सरकारी आरोग्यसेवेनं २०२० मध्ये नियमच केला की कर्मचाऱ्यांना वर्णद्वेषी बोलणाऱ्या रुग्णाला, जिवावरचा प्रसंग नसेल तर, उपचार नाकारता येतील. जर्मनीत तसा नियम नाही, आणि कायदा असला तरी प्रत्यक्षात सगळं तुमच्या वॉर्डप्रमुखावर अवलंबून.

रंगाचा दुसरा त्रास ‘भाषे’च्या नावाखाली येतो, आणि तो ओळखणं अवघड जातं. एका रुग्णाच्या मुलीशी मी फोनवर पाऊण तास आईच्या औषधांबद्दल बोलले होते, छान बोलणं झालं. ती रविवारी भेटायला आली, मला समोर बघितलं आणि शेजारच्या मदतनीस बाईला विचारलं, “इथे जर्मन येणारं कुणी आहे का?” ती मदतनीस पोलंडची, तिचं जर्मन माझ्यापेक्षा कच्चं. तीच बिचारी लाजली. राउंडला येणारे डॉक्टरही सूचना तिला देतात आणि फाइल माझ्या हातात असते.

मात्र प्रत्येक अडचण रंगाची नसते, हेही ध्यानात ठेवा. आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाला इथे मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे इथली परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण पुरं होऊन ते प्रमाणपत्र हातात येईपर्यंत, मदतनीसाच्या पगारावर काम करावं लागतं, ते बोस्नियाच्या गोऱ्या मुलीलाही करावं लागतं. आणि पुण्यात शिकलेलं बी-टू इथे पहिल्या दिवशी कोलमडतं, कारण म्हातारी माणसं श्वेबिश ही इथली बोली बोलतात. ते बर्लिनच्या माणसालाही कळत नाही. तेव्हा ‘तुझं कळत नाही’ असं कुणी म्हटलं की आधी विचार करा, ही भाषाच आहे का. फोनवरचा अनुभव आणि समोरचा अनुभव ताडून बघितला की बहुतेकदा उत्तर मिळतं.

रंगाचा विषय निघालाच आहे तर नर्सिंगमधली एक गोष्ट. बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी ओळखायला इथे बोटाने दाबून लाली जाते का बघायला शिकवतात. काळ्या त्वचेवर ती लाली बहुतेकदा दिसतच नाही. हात लावून ऊब, कडकपणा, सूज बघावी लागते, जे आपण मिरजेत रोज करत होतो. आमच्याकडे आता तुर्की आणि एरिट्रियाचे वृद्ध रुग्ण यायला लागलेत, तेव्हा वॉर्डाला हे मी शिकवलं. त्या दिवशी माझ्या जर्मनबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आमच्यापेक्षा जास्त सोसावं लागतं आफ्रिकेतून आलेल्यांना. माझा कामेरूनचा सहकारी इथेच शिकलाय, तीन वर्षांचं पूर्ण जर्मन प्रशिक्षण, भाषा अस्खलित. तरी रात्रपाळीला त्याला बघून एका नातेवाइकांनी विचारलं होतं की हा आत कसा आला. आणि आता आपलं सांगते. आपल्या मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हॉस्टेलच्या खोल्यांची चर्चा निघाली की ‘काळ्यांच्या मजल्यावर नको बाई’ असं सर्रास लिहिलं जातं, आणि त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी एखाद्या आजोबांच्या वर्णद्वेषाबद्दल रडगाणं असतं. मला याची चीड येते. माझी पाठ गेली होती तेव्हा अर्ध्या खोल्या त्याच सहकाऱ्यानं उचलल्या.

घर शोधताना तुम्हाला हे सगळ्यात स्पष्ट दिसेल. २०१७ मध्ये बायरिशर रुंडफुंक आणि श्पीगेल ऑनलाइनच्या पत्रकारांनी वेगवेगळ्या नावांनी भाड्याच्या घरांसाठी सुमारे २० हजार चौकश्या पाठवल्या होत्या. मजकूर सारखा, फक्त नाव बदललेलं. तुर्की आणि अरबी नावांना उत्तरंच कमी आली, म्युनिकमध्ये सगळ्यात वाईट. आपल्या आडनावांचंही वेगळं होत नाही. म्हणून पहिलं वर्षभर तरी मालकानं दिलेल्या खोलीत राहा, नंतर ओळखीतून शोधा. चर्चच्या आणि सहकारी गृहसंस्थांची घरं त्यातल्या त्यात बरी पडतात.

रेल्वेत पोलीस कधी कधी अख्ख्या डब्यात फक्त तुमचेच कागद बघतील. कोब्लेन्झच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलंय की केवळ त्वचेच्या रंगावरून असं तपासणं घटनेच्या विरुद्ध आहे. तरी चालतं. निवास परवान्याचं कार्ड कायम जवळ ठेवा, आणि शांतपणे “मलाच का?” एवढं जरूर विचारा.

आता तुमचा थुरिंगियाचा प्रश्न. तिथे सप्टेंबर २०२४ च्या राज्य निवडणुकीत परदेशी लोकांच्या विरोधात बोलणारा एएफडी पक्ष ३२.८ टक्के मतं घेऊन पहिला आला. शेजारच्या सॅक्सनीत २००७ मध्ये म्युगेल्न नावाच्या गावात जत्रेच्या रात्री आठ भारतीयांचा जमावानं पाठलाग केला होता, त्यांना एका पिझ्झाच्या दुकानात आसरा घ्यावा लागला. हे खरं आहे. पण येना, एरफुर्ट, लाइपझिग इथे आपल्या मुली व्यवस्थित काम करतायत, आणि त्यांच्या वॉर्डात माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत असं ऐकते. माझं मत असं की शहर असेल तर जा. गाव असेल तर दोन गोष्टी पक्क्या करा. तिथे आधीपासून किती परदेशी नर्स आहेत, आणि दुपारपाळी रात्री नऊ-साडेनऊला सुटली की खोलीपर्यंत कशानं जायचं. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, बस तासाला एक. पहिलीच आणि एकटीच परदेशी असाल आणि खोली चार किलोमीटरवर असेल, तर मी ती जागा घेणार नाही, पगार कितीही असो.

आपण काही पहिल्या नाही. केरळच्या हजारो मुली १९६० च्या दशकापासून चर्चमार्फत इथल्या दवाखान्यांत आल्या. एका निवृत्त मल्याळी सिस्टरनी मला सांगितलं की सत्तरच्या दशकाच्या शेवटी मनुष्यबळाची गरज कमी वाटायला लागली तेव्हा परवाने वाढवून द्यायचं बंद झालं आणि तिच्या कित्येक मैत्रिणींना बॅग भरावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वर्षाची मर्यादा २० हजारांवरून ९० हजार केली, त्याच्या बातम्या वाचताना मला त्या सिस्टर आठवतात.

जास्तीत जास्त मुली गप्प बसतात त्याचं कारण मात्र वेगळंच असतं, त्यांचा करार. मान्यता मिळेपर्यंतचा परवाना त्या नोकरीला बांधलेला असतो. वर कित्येक करारांत कलम असतं की ठरावीक काळाआधी सोडलंत तर भाषाशिक्षणाचे, प्रवासाचे हजारो युरो परत करा. अशी मुलगी १२ नंबरच्या खोलीबद्दल काय बोलणार? म्हणून सही करण्याआधी ते कलम कुणा जाणत्याला दाखवा. मालकाकडे किंवा एजन्सीकडे ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉयचलांड’ हे सरकारमान्य मानचिन्ह आहे का ते बघा. ते असेल तर भरतीचा खर्च नर्सकडून घेता येत नाही. तुमची एजन्सी आत्ताच पैसे मागत असेल तर तिला सोडा.

आल्यावर काही घडलं तर त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेवा. तारीख, वेळ, खोली, नेमके शब्द, शेजारी कोण होतं. मराठीत लिहिलंत तरी चालेल. नुकसानभरपाई मागायची असेल तर आ-गे-गे कायद्यात दोनच महिन्यांची मुदत आहे, आणि पहिले काही आठवडे आपण ‘जाऊ दे’ म्हणण्यातच घालवतो. कर्मचारी प्रतिनिधी मंडळ, म्हणजे बेट्रीब्सराट, असेल तर आधी त्यांच्याकडे जा. संघराज्याच्या भेदभावविरोधी कार्यालयात फुकट सल्ला मिळतो, वेर्डी या कामगार संघटनेचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या.

मालकाशी व्हिडिओवर मुलाखत होईल तेव्हा शेवटी विचारतात, काही प्रश्न आहेत का. तेव्हा पगार विचारू नका, तो करारात दिसतोच. विचारा की एखाद्या रुग्णानं परदेशी नर्स नको म्हटलं तर तुमच्याकडे काय करतात. ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणाले तर दुसरी जागा बघा. ‘होतं, मागच्याच महिन्यात झालं, तेव्हा आम्ही असं असं केलं’ असं सांगणारा कुणी भेटला, तर बाकीच्या अटी तपासून सही करा.