बुलेटचीच ट्राइक करावी की स्कूटरला साईड व्हील लावावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळ राहता, वय ५२, अपघातानंतर डावा गुडघा वाकत नाही आणि थांबल्यावर त्या पायावर गाडी पेलत नाही. २५ वर्षं बुलेट चालवलीय. आता तिलाच मागं दोन चाकं बसवून ट्राइक करावी, की स्कूटर घेऊन तिला साईड व्हील लावावं? आणि सवय व्हायला किती दिवस लागतात?

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. स्कूटर घ्या, बुलेट कापू नका. सवयीचं म्हणाल तर मला दीड महिना लागला. माझ्या पुतणीला दहा मिनिटं लागली, कारण तिनं त्याआधी सायकलसुद्धा धड चालवली नव्हती.

मी बेळगावचा, वडगावात राहतो. उद्यमबागेत ३१ वर्षं लेथवर टर्नर होतो. गाडी येझदी, म्हैसूरच्या कारखान्यातली. ज्यांनी चालवलीय त्यांना ठाऊक आहे, येझदीला किक आणि गिअर एकाच दांडीत, तीही डाव्या बाजूला. २०२१ साली शुगरमुळं माझा डावा पाय गुडघ्याखाली काढला. म्हणजे त्या गाडीतलं डाव्या पायाचं सगळं काम एका दिवसात संपलं. आता जयपूर फूट आहे. चालता येतं, पण बोटांना काही कळत नाही, त्यामुळं गिअर पडला की नाही हे समजायला मार्ग नाही. म्हणून आता स्कूटरला साईड व्हील लावून चालवतो, पुढं माझी ट्राइक म्हणतो ती हीच.

तुमच्या बुलेटचंही तेच होणार. जुनी असेल तर गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. नवी असेल तर गिअरच डाव्या पायात. कशीही धरा, डाव्या पायाला काम आहेच, आणि मागं दोन चाकं बसवल्यानं ते काम काही कमी होत नाही. फक्त गाडी पेलायचं संपतं. गिअरलेस स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात, पाय नुसते ठेवायचे.

बुलेटची तीनचाकी होत नाही असं नाही. सौराष्ट्रात बुलेटचं पुढचं अंग आणि मागं गाडा जोडून केलेला छकडा वर्षानुवर्षं माणसं वाहत होता. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या हार्ले गाड्यांच्या फटफट्या, म्हणजे तीनचाकी रिक्षा, धावत. पण ती सरळ रस्त्यावर सावकाश ओझं न्यायची वाहनं. तुम्हाला एकट्यानं बाजारात जाऊन यायचंय. मागच्या एका चाकाच्या जागी एक्सल टाकून दोन चाकं बसवली की वळताना बाहेरचं चाक जास्त फिरायला हवं, आतलं कमी. रिक्षात त्यासाठी डिफरन्शियल असतो. तो न टाकता सरळ दांडा बसवला तर वळणावर गाडी वळायला मागत नाही, सरळ रेटते आणि टायर घासून जातात. शिवाय पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, दुचाकीच्या हिशोबानं तिरका दिलेला असतो. दुचाकी कलून वळते, म्हणून तिथं हँडलला जोर लागत नाही. ट्राइकला हँडल खरोखर फिरवावं लागतं आणि त्या तिरकेपणामुळं ते जड जातं. परदेशात मोठ्या गाड्यांची ट्राइक करणारे म्हणूनच फोर्क धरणारी क्लॅम्पसुद्धा बदलतात. आपल्याकडं एवढं करून देणारा सापडला तरी ती एवढी जड गाडी खांद्यानं ओढायची हौस किती दिवस टिकेल, तुम्हीच ठरवा.

आता खरी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती.

दुचाकी वेगात असताना डावीकडं वळायचं तर आपण डावं हँडल किंचित पुढं ढकलतो. पुढचं चाक क्षणभर उजवीकडं जातं, गाडी डावीकडं कलते आणि मग डावीकडं जाते. हे आपण करतो हे आपल्यालाच माहीत नसतं. मलाही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात येळ्ळूर रस्त्यावर तीसच्या वेगानं चाललो होतो. डावं वळण आलं. अंगानं इतकी वर्षं जे केलं तेच केलं. ट्राइक कलत नाही, ती हँडल सांगेल तिकडं जाते. डावं हँडल पुढं म्हणजे चाक उजवीकडं. गाडी रस्ता ओलांडून थेट उजवीकडच्या भातशेतात. जुलै महिना, रोप लावायचं चाललेलं, चिखल गुडघाभर. समोरून कोण येत नव्हतं हे नशीब. लावणी करणारी एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय ओ मामा, रस्ता तिकडं हाय की!"

मला लागलं काहीच नाही, पण घरी येऊन दोन दिवस गाडीला हात लावला नाही. मग विचार केला तसं लक्षात आलं की गाडी बिघडलेली नव्हती, मीच दुचाकीवाला होतो. नवशिक्याला हा रोग नाही. म्हणून सांगतो, आपण २५ वर्षं चालवलीय हे आधी विसरा. रिकामं मैदान बघा, वीसच्या आत वेग ठेवा आणि हँडल हातानं ओढायला शिका. डावीकडं जायचं तर उजवा हात पुढं, डावा हात पोटाकडं. तोंडानं म्हणत म्हणत केलं तरी चालेल, मी केलंय. गाडी कलणार नाही, पण तुम्ही वळणाच्या आतल्या बाजूला झुका. ट्राइक उलटते ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला. आतलं चाक हलकं झाल्यासारखं वाटलं की वेग जास्त आहे, एवढंच समजायचं. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. तुम्हाला तवंदी घाट रोजचा असेल तर उतरताना हे पहिल्या दिवसापासून पाळा.

दुसरी खोड पायाची. थांबताना पाय आपोआप खाली जातो. साईड व्हील तुमच्या पायाच्या मागं येत असतं आणि गाडी अजून हातभर पुढं जायची असते. माझा डावा पाय असाच चाकाखाली गेला, टिळकवाडीत, भर गर्दीत. शेजारचा स्कूटरवाला किंचाळला. मी खाली बघितलं आणि हसू आवरेना, कारण तो पाय जयपूरचा होता. बुटाला चिरा पडल्या, बाकी काही नाही. तुमचा पाय खरा आहे, तो फूटबोर्डवरच ठेवायची सवय लावा.

साईड व्हीलची जोडणी हा माझा विषय, म्हणून जरा लांबण लावतो. स्कूटरचं मूळचं मागचं चाक तसंच राहतं आणि दोन्ही बाजूंना एकेक जोडचाक येतं. इंजिनचा जोर मात्र फक्त मधल्या चाकाला. मी पहिली जोडणी एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. त्यानं ब्रॅकेट सरळ चेसिसला वेल्ड केली, शॉकअप काही नाही. दिसायला भक्कम. गोवावेसच्या अलीकडं रस्ता खचला होता, तिथं दोन्ही बाजूची चाकं कडांवर आणि मधलं चाक खड्ड्यावर अधांतरी. मी ॲक्सिलरेटर पिळतोय, इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलेना. मागं हॉर्नचा दणका. शेवटी कॉलेजच्या दोन पोरांनी उचलून पुढं ठेवली. ब्रेकचंही तसंच. जोडचाकांना बहुतेक ब्रेक नसतो, मागचा ब्रेक मधल्या चाकालाच. त्या चाकावरचं वजन जोडचाकांनी उचललं की ब्रेक दाबून चाक नुसतं घसरतं. ओल्या रस्त्यावर तर बघायला नको.

म्हणून जोडणी घेताना दोन गोष्टी बघा. जोडचाकांना स्वतःचे शॉकअप हवेत, आणि ब्रॅकेट वेल्ड न करता क्लॅम्प आणि बोल्टनं बसवलेली हवी. चेसिसचा पाईप वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या जागी कमजोर होतो, हे कुठल्याही वर्कशॉपमधला माणूस सांगेल. मग एक परीक्षा करा. इंजिन बंद ठेवून एका जोडचाकाखाली वीट सरकवा, स्वतः सीटवर बसा, आणि कुणाला तरी मधलं चाक हातानं फिरवायला सांगा. सहज फिरलं तर जोडणी परत करा. मी दुसऱ्यांदा जुन्या मित्रांना हाताशी धरून जोडणीतले बुश (बोल्टवर बसणाऱ्या नळ्या) लेथवर स्वतः टर्न केले. दर दोन महिन्यांनी ते बोल्ट आवळतो.

खड्ड्यांचं गणित सगळं बदलतं. दुचाकी दोन खड्ड्यांमधून बोटभर वाटेनं निघते. आता तुमच्या तीन वाटा आहेत आणि त्यातली एक तरी खड्ड्यात जाणारच. कुठली घालायची ते ठरवायचं, आणि शक्यतो मधली नाही. डांबराची कड विसरू नका. आपल्या खेड्यांच्या रस्त्यांवर डांबर आणि साईडपट्टी यांत वीतभर फरक असतो. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की दुचाकीवाला खाली उतरून परत वर येतो. आपलं डावं चाक खाली गेलं तर गाडी तिरकी होते. मी सीझनमध्ये सरळ थांबतो आणि ट्रॉली जाऊ देतो. तुमच्याकडं तर कारखाने जास्त, थांबायची वेळ जास्त येईल. रस्ता डावीकडं उतरता असतो हेही मला ट्राइकवर पहिल्यांदा कळलं. गाडी सारखी डावीकडं ओढते, पहिले पंधरा दिवस उजवा खांदा दुखतो.

रिव्हर्स नसतो. नाक भिंतीला लावून पार्क केलीत तर काढायला माणूस शोधावा लागतो. खडेबाजारात, गणपत गल्लीत मी आता जातच नाही, बाहेर लावतो.

मागं बसणाऱ्याचं एक. आमची ही साडी नेसून एका बाजूला बसायची, डावीकडं. उजव्या वळणावर गाडी डावीकडं झुकू बघते आणि तिचं वजनही तिकडंच. दोनदा तिनं माझा शर्ट फाडला. आता ती पंजाबी ड्रेस घालते आणि दोन्हीकडं पाय टाकून बसते. नातेवाईकांत थोडी चर्चा झाली, पण तिला सवय माझ्याआधी झाली.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडीत मूळ आरसीपेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. दिव्यांग व्यक्तीसाठी मात्र असा बदल करता येतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अशा गाडीला ॲडॅप्टेड व्हेईकल म्हणतात. बदलाची नोंद आरसीवर झाली पाहिजे, लायसन्सवर तो वर्ग आला पाहिजे आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद करून घेतली पाहिजे. नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कागद तुमच्यावर उलटतात. मेडिकल सर्टिफिकेट लागतं. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं आणि टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. ते ३० दिवस मैदानात घालवा, कारण तेवढे लागतातच. आणखी एक, खास आपल्या सीमाभागातलं. कोल्हापूर तुम्हाला जवळ, तिथं तयार जोडलेली जुनी गाडी स्वस्तात दिसेल. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी निपाणीत १२ महिन्यांहून जास्त ठेवली की इकडचं केए २३ पासिंग करून घ्यावं लागतं, त्यात एनओसी (तिकडचा ना-हरकत दाखला) आणि इथला टॅक्स आला. तो हिशोब धरूनच किंमत बोला.

गमावलं काय, तेही सांगायला हवं. जांबोटीच्या पुढं कणकुंबीपर्यंतचा रस्ता, दोन्हीकडं झाडी, वळणामागून वळण. येझदीवर तिथं अंग आणि गाडी एकच होऊन कलायची. ट्राइकवर मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं मलप्रभेच्या उगमापर्यंत गेलो. छान गेलो, पण वळणावर मी खिडकीत बसलेल्या प्रवाशासारखा बाहेर फेकला जात होतो. तिथून पुढं चोर्ला घाट उतरलो नाही, परत फिरलो. परदेशात पुढं दोन चाकं असलेल्या आणि तरीही कलणाऱ्या गाड्या निघाल्यात, इटलीची पियाजिओ एमपी३ २००६ पासूनची. आपल्या शोरूममध्ये तसलं काही दिसत नाही.

उलट मिळालं ते थांबणं. रेल्वे गेट पडलं की आता मी हँडल सोडून बसतो, फोनवर बोलतो, शेंगा खातो. आजूबाजूचे सगळे एका पायावर उभे असतात.

येझदी मी विकलेली नाही. पुतण्या महिन्यातून एकदा चालू करतो आणि खंडेनवमीला तिला हार पडतो. तुमची बुलेटही राहू द्या, कापलेली बुलेट परत जोडता येत नाही.

बेळगावला येणं झालं तर घेण्याआधी माझी गाडी चालवून बघा. सकाळी सातच्या आत या, येळ्ळूर रस्ता तेव्हा मोकळा असतो. भात कापून झालंय, शेत वाळलंय, उजवीकडं गेलात तरी फार चिखल लागणार नाही.