वाचकांचे प्रश्न : बलाढ्य देशाशी मुक्त व्यापार करार

प्रश्न : माझ्या भावावर परळच्या रुग्णालयात यकृताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. मुक्त व्यापार करारामुळे परदेशी वस्तू स्वस्त होतील असे वृत्तपत्रांत वाचतो आणि त्याच करारांमुळे औषधे महागतील असेही वाचतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : त्या खऱ्या असू शकतात, कारण आजकालच्या करारांत आयात शुल्काची प्रकरणे थोडी आणि देशांतर्गत कायद्यांना हात घालणारी प्रकरणे अधिक असतात. शुल्क उतरले की मद्य, चॉकलेट आणि मोटारी यांच्या किमती उतरू शकतात आणि जाहिरात त्याचीच होते. नव्या औषधाची किंमत मात्र प्रामुख्याने ते बनवण्याची मुभा किती कंपन्यांना आहे यावर ठरते, आणि ही मुभा पेटंट कायदा देतो.

तुमच्या भावाच्या आजाराशी संबंधित असलेले उदाहरण मुंबईतच घडले आहे. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचे पेटंट बायर या जर्मन कंपनीकडे होते आणि त्याचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पेटंट नियंत्रकांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांच्या वर विकायचे नाही अशी अट घातली. पेटंटधारकाला स्वामित्वधन मिळत राहील, पण परवानगी नाकारता येणार नाही, असे या परवान्याचे स्वरूप असते. बायरने आव्हान दिले, तरी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. भारतात असा परवाना तेव्हा प्रथमच निघाला होता.

सक्तीच्या परवान्याची ही तरतूद रद्द करा असे समोरचा देश सहसा थेट म्हणत नाही. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन कराराच्या बौद्धिक संपदेच्या प्रकरणात, औषधे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अधिक योग्य मार्ग म्हणजे कंपन्यांनी स्वखुशीने दिलेले परवाने, अशा अर्थाचे वाक्य आहे. सक्तीचा परवाना देण्याचा अधिकार त्यामुळे जात नाही, परंतु उद्या तो देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर कंपनीचे वकील हेच वाक्य ठेवतील, यात मला शंका वाटत नाही. (ब्रिटनची अर्थव्यवस्था आज आपल्यापेक्षा फार मोठी आहे असे नाही, पण औषधांच्या पेटंटांच्या बाबतीत तो देश आपल्याला निश्चितच भारी आहे.)

याहून गंभीर मागणी चाचण्यांच्या माहितीवरील मक्तेदारीची असते. दुसरी कंपनी तेच औषध बनवते तेव्हा मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे तिला मान्यता मिळते. ही माहिती ठरावीक वर्षे वापरायची नाही असे कलम करारात आले, तर ज्या औषधाला भारतात पेटंटच नाही त्यालाही तेवढी वर्षे स्वस्त पर्याय मिळणे कठीण होते. युरोपीय देशांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आणि भारताने ती वाटाघाटींत नाकारत ठेवली.

प्रश्न : करार दोन्ही देशांवर सारखाच बंधनकारक असतो. मग समोरचा देश मोठा आहे म्हणून इतके घाबरायचे कशासाठी?
— एक वाचक, दादर

उत्तर : कागदावर तो सारखाच असतो, प्रत्यक्षात तसे होतेच असे नाही. मेक्सिकोने अमेरिका व कॅनडा यांच्याशी केलेला नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला, तेव्हा मक्याच्या बाबतीत मेक्सिकोने बरीच सावधगिरी बाळगली होती. पहिल्या वर्षी २५ लाख टन मका शुल्काशिवाय येणार, त्यावरील आयातीवर सुरुवातीला २१५ टक्क्यांपर्यंत शुल्क लागणार आणि ते १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार, अशी ती व्यवस्था होती. प्रत्यक्षात मेक्सिकोच्या सरकारने बहुतेक वर्षे जादा आयातीवरील शुल्क वसूलच केले नाही, कारण स्वस्त मका पशुखाद्य व पीठ उद्योगाला हवा होता. म्हणजे शेतकऱ्यासाठी राखलेली मुदत त्याच्या स्वतःच्या सरकारनेच वाया घालवली. दुसऱ्या बाजूला अमेरिकी शेतकऱ्याला मिळणारी सरकारी अनुदाने करारानंतरही चालूच राहिली, कारण करारात शुल्कावर बंधन होते आणि अनुदानावर जवळजवळ नव्हते. पावसावर मका पिकवणारा दक्षिण मेक्सिकोतील चियापास राज्याचा छोटा शेतकरी या स्पर्धेत टिकणे अशक्यच होते. ग्राहकाला तरी लाभ झाला का? २००७ च्या जानेवारीत तॉर्तियाच्या (मक्याच्या पोळीच्या) भाववाढीविरुद्ध मेक्सिको सिटीत हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. कापूस, सोयाबीन आणि दूध यांविषयी आपल्याकडे अशीच चर्चा होते, तेव्हा करारातील शुल्काच्या आकड्याबरोबर समोरच्या देशातील अनुदानाचा आकडाही विचारला पाहिजे.

करार मोडला गेल्यास काय होते, हा यातला दुसरा भाग आहे. नाफ्टा लागू असतानाच १ जून २०१८ पासून अमेरिकेने, ट्रम्प राष्ट्राध्यक्ष असताना, राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे करून कॅनडा व मेक्सिकोच्या पोलादावर २५ टक्के शुल्क लावले. मग त्याच राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत नाफ्टाच्या जागी नवा करार झाला, तो २०२० मध्ये लागू झाला आणि २०२५ मध्ये त्यांनीच पुन्हा शुल्क लादले. प्रत्युत्तरादाखल शुल्क लावण्याचा हक्क लहान देशालाही असतो. पण ज्याची सुमारे ८० टक्के निर्यात एकाच देशाला जाते, त्या मेक्सिकोने तो हक्क बजावला तर आधी त्याचेच कारखाने बंद पडतील.

आपणही नेहमी धाकट्याच्या बाजूला नसतो, हे सांगायला हवे. श्रीलंकेशी आपण १९९८ मध्ये करार केला, तेव्हा तिथला चहा आणि तयार कपडे यांच्या सवलतीला आपणच वार्षिक कोट्याची आणि ठरावीक बंदरांची मर्यादा घातली होती.

प्रश्न : असे करार संसदेने मंजूर करावे लागतात का? आणि राज्य सरकार किंवा महापालिका यांच्या निर्णयांना त्यांमुळे बाधा येते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मंजुरी लागत नाही. करार केंद्र सरकार करते, आणि त्यासाठी कायद्यात बदल करायचा असेल तेव्हाच विषय संसदेत येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार असा कायदा राज्यांच्या विषयांवरही करता येतो. शेती हा राज्याचा विषय असला तरी महाराष्ट्राची संमती घेणे केंद्रावर बंधनकारक नाही.

बाधेविषयी सांगायचे तर, परदेशी गुंतवणूकदाराला थेट सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्याची मुभा करारात आहे का, हे पाहावे लागते. मेक्सिकोतील ग्वादालकासार या गावाच्या पालिकेने घातक कचऱ्याच्या प्रकल्पाला बांधकाम परवाना नाकारला, तेव्हा मेटलक्लॅड ही अमेरिकी कंपनी नाफ्टाखाली लवादात गेली आणि २००० मध्ये लवादाने मेक्सिको सरकारला सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर भरण्यास सांगितले. भारतालाही २०११ मध्ये असा फटका बसला : आपल्या न्यायालयांत प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले म्हणून व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीला भरपाई मिळाली, आणि ज्या कलमावर ती जिंकली ते ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात नव्हतेच, तर कुवेतशी झालेल्या करारातून सर्वाधिक पसंतीच्या तत्त्वाने, म्हणजे दुसऱ्या देशाला दिलेली चांगली सवलत आपल्यालाही मिळावी या नियमाने, उसने घेतलेले होते. त्यानंतर भारताने आपले बहुतेक जुने गुंतवणूक करार संपुष्टात आणले आणि लवादाकडे जाण्यापूर्वी भारतीय न्यायालयांत पाच वर्षे दाद मागण्याची अट नव्या मसुद्यात घातली. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी केलेल्या करारात ही पाच वर्षे तीनवर आली.