कोश सावरला म्हणून उज्जा मेला?

प्रश्न: बायबलमध्ये कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, बैलगाडीवरून नेत असताना बैल अडखळले म्हणून उज्जाने ती नुसती धरली तर तो जागीच मेला (२ शमुवेल ६). हे जरा जास्तच नाही का?

उत्तर: कोश आणवणाऱ्या दावीद राजालाही तसंच वाटलं की, आधी चिडला मग घाबरला नि कोश तीन महिने ओबेद-अदोमच्या घरी ठेवून दिला. पण मुळात घोळ गाडीपासूनच आहे बघा, गणना ४:१५ मध्ये क्लिअर सांगितलंय की कहाथींनी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातलं एक घराणं) पवित्र वस्तू वाहायच्या पण हात लावला तर मरतील, आणि ७:६-९ मध्ये बाकी लेव्यांना गाड्या मिळाल्या, यांना नाही, कारण यांनी खांद्यावरच न्यायचं. नव्या गाडीची आयडिया पलिष्ट्यांची, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंची! उज्जाचा हेतू वाईट होता असं मला तरी वाटत नाही. पुढच्या वेळी दावीदने लेव्यांकडून दांड्यांवरच कोश आणवला, १ इतिहास १५ वाचा.