चिखलदऱ्याच्या हॉटेलात मुक्काम करून जाता जाता अचलपूरच्या जुन्या वास्तू तासाभरात पाहून होतील का?

होणार नाहीत. 'जाता जाता' या शब्दांवर माझा जुना राग आहे, म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे.

माझे गाव अचलपूरच्या शिवाराला लागूनच आहे. काही वर्षांपूर्वी आमचे पुण्याचे जावई आले होते. त्यांनी चिखलदऱ्याला दरी दिसणारी खोली आगाऊ पैसे भरून ठरवली होती. वाटेत हौज कटोरा पाहू या असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी गाडीतूनच विचारले, "ही इमादशाहीची राजधानी म्हणता, मग राजवाडा कुठे आहे?" फतहुल्ला इमादुल्मुल्काने १४९० मध्ये वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता उभारली आणि १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली, एवढे मी सांगेपर्यंत जावयांचे बूट काळ्या मातीत रुतले होते. हौदाच्या मधोमध उभा असलेला तो अष्टकोनी, कमानीदार मनोरा त्यांनी शेताच्या धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, पाहिला आणि "झाले ना?" असे म्हणून ते माघारी फिरले. संध्याकाळी घाट चढून हॉटेलात पोहोचलो, तर आमची खोली दुसऱ्याच कुटुंबाला दिलेली होती. आमच्या वाट्याला आलेल्या खोलीच्या खिडकीतून फक्त जनरेटर दिसत होता. उशीर माझ्या मनोऱ्यामुळे झाला, असे जावई आजही चारचौघांत सांगतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की मुक्काम परतवाड्यातच करावा. जुन्या छावणीचे हे गाव अचलपूरला खेटूनच आहे, आणि तिथल्या साध्या लॉजमध्ये स्वच्छ चादर व बादलीभर गरम पाणी मिळाले तर प्रवाशाने आणखी काही मागू नये. खोली मात्र पैसे देण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावी. सकाळी उन्हे चढण्याआधी अचलपूरच्या दुल्हा दरवाजा या जुन्या वेशीपाशी जावे, तिथून जुन्या वस्तीत पायीच हिंडावे आणि हौज कटोऱ्यासाठी अख्खी दुपार राखून ठेवावी. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला दुसऱ्या दिवशी करावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु गडाच्या शार्दूल दरवाजावर हत्तींना पकडणारे गंडभेरुंड (दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी) कोरलेले आहे, आणि राजवाडा विचारणाऱ्यांनी इमादशाहीचा दिमाख तिथे मान वर करून पाहावा.

सोबत वृद्ध माणसे असतील तर मात्र माझे ऐकू नका. सुमारे पन्नास किलोमीटरवर अमरावती आहे, तिथे सोयीची हॉटेले मिळतील. पावसाळ्यात शेतातल्या वाटा टाळाव्यात, कारण बुटांच्या बाबतीत जावयांचे म्हणणे खरे होते. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला ही रेल्वेगाडी बंद आहे, तिच्या भरवशावर बेत आखू नये.

हौज कटोऱ्याची छायाचित्रे काढलीत तर आठही बाजूंनी काढा आणि इथे अवश्य टाका. मला ती पुण्याला पाठवायची आहेत.