रंग सगळ्यात शेवटी

वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, घरचं गॅरेज

या वेळी पाच पत्रं घेतली आहेत, पाचही फियाट-पद्मिनीबद्दलची. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार व्हायची. 1944 साली ती कंपनी काढणाऱ्या वालचंद हिराचंदांचा जन्म 1882 चा, आपल्या सोलापूरचा. म्हणून इथल्या एखाद्या शेडमध्ये बंद पडलेली पद्मिनी पुन्हा सुरू झाली, की लेक माहेरी आल्यासारखं वाटतं मला.

काका, वडिलांची 1984 सालची पद्मिनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. याच गाडीतून त्यांनी आम्हाला पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट दाखवलं. दर रविवारी मी ती स्वतःच्या हातानं दुरुस्त करणार आहे. एक पेंटर म्हणतो, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आत चकाचक करून देतो. सुरुवात रंगापासून करू का?
— बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

नको दादा. रंग सगळ्यात शेवटी.

माझी 1979 ची पद्मिनी घेतली तेव्हा मी आधी रंगालाच दिली होती. परत आली ती आरशासारखी. पुढचा पावसाळा सरायच्या आत मागच्या चाकाच्या कमानीवर फोड आले. नखानं टोचलं तर पुटीचा पापुद्रा सुटला आणि बोट आत गेलं. खाली पत्रा उरलाच नव्हता. सडक्या जागेत पुटी भरून वरून रंग मारलेला. ते सगळं खरवडायला मला आणि माझ्या मुलीला दोन महिन्यांचे रविवार लागले, आणि रंगाचे पैसे गेले ते गेलेच.

या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. बॉडी हीच तिची चेसिस. तळाचा पत्रा आणि दाराखालची पोकळ पेटी सडली, तर नुसतं रूप जात नाही, गाडीचा कणा जातो. म्हणून पहिल्या रविवारी एकच काम करा. सीटा काढा, खालचं मॅट आणि नमद्याचा जाडसर थर उचला आणि बोथट डिसमिसनं तळ टोचत जा. टणक आवाज आला तर पुढं सरका. बसका आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथं खडूनं गोल करा. ड्रायव्हरच्या पायाखाली, दाराखालच्या पेट्या, चाकांच्या चारही कमानी, डिकीत स्टेपनीखाली आणि जॅक लावायच्या जागा, हे सगळं बघा. आपली हवा कोरडी म्हणून वरचा पत्रा चांगला दिसतो. पण पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत उतरतं, नमदा ते धरून ठेवतो आणि खालचा पत्रा महिनोन्‌महिने ओल्या कपड्याखाली असल्यासारखा राहतो.

सडका भाग कापायचा तर एका वेळी एकाच बाजूचा, आणि गाडी सपाट जमिनीवर चारही ठिकाणी नीट टेकवून. कापण्याआधी दाराच्या चौकटीची तिरकी मापं घेऊन वहीत लिहा. माझ्या ओळखीच्या एकानं दोन्ही पेट्या एकदम कापल्या; बॉडी मधोमध बसली आणि त्या गाडीची दारं पुन्हा कधी धड लागली नाहीत. वेल्डिंग स्वतः करू नका, बॉडीचा पातळ पत्रा जोडायची सवय असलेला सीओटू वेल्डिंगचा कारागीर घरी बोलवा. तो येण्याआधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवा. आणि टाकीला वेल्डिंग कधीही करायचं नाही, ती रिकामी असली तरी नाही. रिकाम्या टाकीत वाफ कोंडलेली असते, ती भरल्या टाकीपेक्षा जास्त घातकी.

पत्र्यानंतर ब्रेक. इंजिन सुरू करायचा मोह होईल, ते मी समजू शकतो. वडिलांच्या गाडीचा आवाज ऐकायला कान आसुसलेले असतात. पण सुरू झालेली गाडी माणूस गल्लीत काढतोच, आणि अकरा वर्षं उभ्या गाडीला ब्रेक नसतात असं धरून चाला. चारही चाकांना ड्रम आहेत. व्हील सिलिंडरमधली रबरं फुगलेली असतील, सिलिंडर आतून गंजले असतील. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, गंज तिथून लागतो. चारही सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट आणि तिन्ही रबरी नळ्या नव्या टाका, इथं एक रुपयाही वाचवू नका. जुन्या मॉडेलांना ब्रेकची लाइन एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. तोंडाला मास्क लावा आणि ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. लोखंडी घोड्या, म्हणजे गाडीखाली लावायचे स्टँड घ्या. विटा लावू नका, वीट आधी न सांगता फुटते.

मग इंजिन. 1089 सीसीचं हे साधं, गुणी इंजिन आहे. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून चहाचे दोन चमचे सोडा आणि तीन दिवस वाट बघा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. सहज फिरलं तर निम्मं काम झालं. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडा, पुन्हा थांबा. माझं आठव्या दिवशी सुटलं. फिरायला लागल्यावर जुनं ऑइल काढून नवं भरा, डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासून फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, साधारण 0.45 मिलिमीटरची फट ठेवा. प्लगच्या वायरींवर आधीच नंबर टाका. स्पार्कचा क्रम 1-3-4-2 आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी सुरू होणार नाही आणि तुम्ही कार्ब्युरेटर खोलत बसाल.

पेंटरला आज नाही म्हणा, पण प्रेमानं. दीड-दोन वर्षांनी त्याचं काम पडणारच आहे. तोवर गाडीवर प्लास्टिकचं कव्हर नको, आत वाफ धरते. घरातली जुनी सोलापुरी चादर घाला. सुती असते, श्वास घेते.

माझ्या यजमानांनी तीन वर्षांपूर्वी गाडी खोलली. सुटे भाग माळ्यावर, बाथरूममागे, धान्याच्या कोठीशेजारी पसरले आहेत. आता ते तिच्याकडे बघतही नाहीत. मी भंगारवाल्याला बोलावू का? मला त्यांचं मन दुखवायचं नाही.
— एक वाचक, मंगळवेढा

ताई, भंगारवाल्याला बोलावू नका. तुमच्या यजमानांचा उत्साह संपलेला नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. बहुतेक त्यांना आता कुठला भाग कुठला तेच आठवत नसेल आणि ते बोलायला जड जात असेल. जुन्या गाड्या बहुतेक अशाच मरतात. सगळं एकदम खोललं जातं आणि जोडायची वेळ येईपर्यंत आठवण पुसलेली असते.

एका दुपारी दोघांनी मिळून सगळे भाग अंगणात गोणपाटावर आणा. दुरुस्त काही करायचं नाही, फक्त वाटण्या करायच्या. ब्रेकचे एकीकडे, स्टेअरिंगचे दुसरीकडे, दारांचे तिसरीकडे, इंजिनचे शेवटी. नट-बोल्ट बरण्यांत भरा. आमच्या घरी हे माझ्या मुलीनं केलं. शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्या घेतल्या आणि प्रत्येकीवर कागद चिकटवून लिहिलं : ‘डावं पुढचं दार, वरची बिजागरी, चार बोल्ट, एक लहान’. तो ‘एक लहान’ शब्द नसता तर मी तिथं लांब बोल्ट घातला असता आणि त्यानं आतून पत्र्याला भोक पाडलं असतं.

मग यजमानांना एकच दार पूर्ण करायला सांगा. काच, खटका, हँडल, रबर, सगळं. ते दार ‘खट्ट’ करून लागलं की पुढचं तेच करतील. काही भाग हरवले असतील तर पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फेरी मारा. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण त्यांच्यासाठी लागणारे भाग ओळखणारे जुने दुकानदार आहेत. जाताना मोडका नमुना बरोबर न्या; नुसत्या तोंडी वर्णनावर भाग मिळत नाही.

आमचा ऊस कारखान्याला जातो, त्याचंच इथेनॉल होतं, याचा अभिमान आहे. पण 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल माझ्या 1986 च्या पद्मिनीला चालेल का? दोनदा रस्त्यात बंद पडली.
— ऊस उत्पादक, मोहोळ तालुका

भाऊ, चालेल, पण गाडीची तयारी केली तर. ती बनली तेव्हाची रबरं साध्या पेट्रोलसाठी होती. इथेनॉलनं ती फुगतात, मऊ होतात, मग चिरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, दुकानात व्हायटॉन रबराच्या मागा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, तोही बदला. इंजिनजवळ नळी पाझरत असेल तर गाडी त्याच दिवशी उभी करा, तिथं आग लागते.

तुमची गाडी बंद पडली ती बहुधा कचऱ्यामुळे. इथेनॉल टाकीतली जुनी घाण आणि गंज सोडवतं, तो कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये येऊन अडकतो. टाकी उतरवून धुवा, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला त्यात बघा. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. म्हणून टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. आठवड्यातून एकदा शेताची चक्कर या गाडीनंच मारा.

शेवटी प्लग काढून रंग बघा. चिनी मातीचा भाग फिकट बदामी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, मेन जेट एक नंबर मोठा लावून बघा. ॲव्हरेज थोडं उतरेल, तो दोष गाडीचा नाही.

गाडीचं रजिस्ट्रेशन केव्हाच संपलं आहे. व्हिंटेजमध्ये घालता येईल का? गाडी 1982 ची.
— निवृत्त शिक्षक, बार्शी

गुरुजी, 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला 2032 पर्यंत थांबावं लागेल. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुम्हाला तर नातवंडांना घेऊन फिरायचंय. तेव्हा साधं नूतनीकरणच करा; 15 वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांचं मिळतं. त्यासाठी 25 नंबरचा फॉर्म, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. फी बदलत असते, ती आरटीओतच विचारा. एक विनंती. डेंटरच्या हातात गाडी देण्याआधी चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं घासून ठसा घ्या, फोटोही काढा. ग्राइंडरखाली तो नंबर पुसट झाला तर तुमचीच गाडी तुमची आहे हे सिद्ध करता करता दमछाक होईल.

मे महिन्यात विजापूर रोडच्या सिग्नलला गाडी तापते, बंद पडते आणि अर्धा तास सुरू होत नाही. मेकॅनिकनं थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तेच.
— औषध दुकानदार, सोलापूर

ही दोन दुखणी आहेत, एक समजून उपचार झाला. तापणं हे रेडिएटरचं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून लोक रेडिएटरमध्ये बोअरचं ओततात. त्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो, तुमच्या चहाच्या पातेल्याला बसतो तसाच. रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवून घ्या. मग कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं, दुसरं काही नाही. फॅनचा पट्टा बोटानं दाबून बघा आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडलंय का तेही तपासा, त्यानंही इंजिन तापतं. थर्मोस्टॅट परत बसवा, थंडीत त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि पेट्रोल जास्त खातं.

सुरू न होणं हे पेट्रोलच्या वाफेचं. पंप इंजिनलाच चिकटलेला, 42 अंशांच्या उन्हात त्यात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा. तोवर मुंबईचे टॅक्सीवाले करायचे तेच करा. पाण्याची बाटली आणि एक सुती फडकं डिकीत ठेवा. गाडी बंद पडली की बॉनेट उघडा, फडकं भिजवून पंपावर गुंडाळा, दहा मिनिटं सावलीत उभे राहा आणि मग चावी फिरवा.