बेरियमचा भाऊ ‘भार’ नव्हे, ‘गुरु’

प्रश्न: सांगलीच्या एका विज्ञान-शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या विज्ञान मंडळासाठी बेनिटोआइट या दुर्मीळ खनिजावर मराठीत टिपण लिहिताना त्याला बेरियमचे ‘सिलिका’ म्हणावे की ‘सिलिकेट’? त्याच्या वर्गाला ‘वलयी सिलिकेट’ हे नाव चालेल का? आणि बेरियम हा शब्द मुळात आपल्या ‘भार’चाच असल्यामुळे मराठीत ‘भारियम’ लिहावे, असे त्यांनी एका व्याख्यानात ऐकले, ते मान्य करावे का?

उत्तर: पहिल्या दोन शंका लगेच मिटण्यासारख्या आहेत. सिलिकेटच म्हणावे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन या दोघांचेच संयुग म्हणजे सिलिका, जी आपल्याला गारगोटीत आणि वाळूत भेटते. त्या जोडीने एखाद्या धातूला बांधून घेतले की सिलिकेट होते. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे आणि सिलिकोन हा कारखान्यात तयार होणारा रबरासारखा पदार्थ आहे. ही चार नावे छापील मजकुरातसुद्धा एकमेकांच्या जागी बसवलेली दिसतात, आणि त्याला ढिलाईखेरीज दुसरे कारण नाही. ‘वलयी सिलिकेट’ हा शब्द अचूक आहे. त्याविषयी पुढे लिहितो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठाम ‘नाही’ असे आहे, आणि ते सविस्तर दिले पाहिजे, कारण ‘बेरियम म्हणजे भारी, म्हणून तो आपलाच शब्द’ हे वाक्य आता सुभाषितासारखे फिरू लागले आहे.

बेरियम हे नाव ग्रीक ‘बारुस्’ या विशेषणावरून आले. त्याचा अर्थ जड, वजनदार. अर्थाने ते ‘भारी’च्या शेजारी बसते हे खरे, परंतु अर्थ जुळला म्हणून कूळ जुळत नाही, कूळ ध्वनिनियमांनी ठरते. संस्कृतातल्या ‘भ’च्या जागी ग्रीकमध्ये ‘फ’ येतो, ‘ब’ येत नाही. संस्कृत ‘भरति’, म्हणजे वाहून नेतो, याचा ग्रीक जोडीदार ‘फेरो’. संस्कृत ‘भ्राता’ याचा जोडीदार ‘फ्रातेर’. ‘भार’ हा शब्द याच ‘भृ’ धातूचा, वाहण्याचा आहे: जे वाहायचे ते भार. त्यामुळे ‘भार’चा ग्रीक भाऊ शोधायचा तर तो ‘फ’ने सुरू होणाऱ्या शब्दांत शोधावा लागेल. ‘बारुस्’च्या दारात तो सापडणार नाही.

मग ‘बारुस्’चा भाऊ कोण? तो आहे आपला ‘गुरु’. ऐकताना हे नाते खोटे वाटते, आणि म्हणूनच ते मला फार प्रिय आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा जिच्यातून निघाल्या असे मानतात, त्या आदिम भारत-युरोपीय भाषेत ओठ गोल करून उच्चारलेला एक कंठ्य ध्वनी होता, साधारण ‘ग्व’सारखा. संस्कृतात त्याचा पुष्कळ ठिकाणी ‘ग’ झाला, ग्रीकमध्ये पुष्कळ ठिकाणी ‘ब’ झाला. संस्कृत ‘गौः’ आणि ग्रीक ‘बूस्’ ही दोन्ही गाय-बैलांची नावे याच नियमाने एका मुळाची ठरतात. त्याच नियमाने संस्कृत ‘गुरु’ आणि ग्रीक ‘बारुस्’ एका आईची लेकरे आहेत. लॅटिनमध्ये याच घराण्याचा शब्द ‘ग्राविस’ झाला, ज्यावरून इंग्रजीतले ग्रॅव्हिटी आले, आणि गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘काउरुस’ झाला. सगळ्यांचा अर्थ एकच: जड.

येथे परंपरेचे अभिमानी मला अडवतात. ‘गु’ म्हणजे अंधार आणि ‘रु’ म्हणजे त्याचा नाश करणारा, अशी ‘गुरु’ शब्दाची फोड त्यांनी पाठ केलेली असते, आणि ती व्युत्पत्ती म्हणून ते पुढे करतात. उपासनेसाठी केलेले निरूपण म्हणून त्या फोडीचा मान आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. याला पुरावा संस्कृतच्याच घरात आहे. ‘गुरु’ या विशेषणाची चढती रूपे ‘गरीयस्’ आणि ‘गरिष्ठ’ अशी होतात आणि भाववाचक नाम ‘गरिमा’ होते. या रूपांत अंधारही उरत नाही आणि त्याचा नाश करणाराही उरत नाही. वजन तेवढे शिल्लक राहते. अष्टसिद्धींपैकी गरिमा ही अंग जड करण्याची सिद्धी आहे आणि लघिमा ही हलके होण्याची. पचायला जड अन्नाला आपण गरिष्ठ म्हणतो. वृत्तात लघू-गुरू मोजतो तेव्हाही उच्चाराचे वजनच मोजतो. वजनदार माणूस तो गुरु आणि वजनदारपणा तो गौरव, हा अर्थाचा प्रवास त्यानंतरचा.

हा प्रवास आपल्याकडे आजही चालू आहे. सातारा-सांगलीच्या बोलीत पोते ‘जड’ असते, ‘भारी’ क्वचितच. ‘भारी’ असते ती हळद, गूळ, बैलजोडी. म्हणजे ‘भारी’ या शब्दाने वजनाचा अर्थ बराचसा ‘जड’कडे सोपवला आणि स्वतः प्रतीचा, मोलाचा अर्थ घेतला. ‘गुरु’ शब्दाने हेच फार पूर्वी केले. माझे मत असे आहे की, ज्या समाजात माल तराजूत तोलून मोल ठरते, तेथे वजनाचा शब्द आज ना उद्या मोलाचा शब्द होतोच. ‘तोलामोलाचा’ या एका शब्दात ही दोन्ही टोके शेजारी बसलेली आहेत. असे दोन वेगळ्या कुळांतले शब्द एकाच वाटेने गेले, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत.

आता मूलद्रव्याकडे. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ साली एका जड खनिजातली ‘माती’ (त्या काळच्या भाषेत धातूचे ऑक्साइड) चुनखडीच्या मातीहून वेगळी आहे हे ओळखले. ते खनिज म्हणजे बराइट, बेरियमचे सल्फेट, आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ते किती पट जड ते, सुमारे ४.५ असल्यामुळे हातात घेताच ते जड लागते. त्या जड मातीला ‘बारुस्’वरून नाव पडले, आणि १८०८ साली हंफ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने तिच्यातून धातू वेगळा केला तेव्हा धातूलाही तेच नाव मिळाले. प्रत्यक्षात शुद्ध बेरियम धातू पाण्याच्या सुमारे साडेतीन पटच जड आहे; टायटॅनियम साडेचार पट आणि लोखंड जवळजवळ आठ पट. म्हणजे नावातला जडपणा धातूचा नसून दगडाचा आहे. ‘भारियम’ लिहिणारे या दुसऱ्या कारणानेही चुकतात: ते धातूच्या अंगी नसलेला गुण अधोरेखित करतात.

खनिजात मात्र हा गुण स्पष्ट दिसतो. बेनिटोआइटच्या सूत्रात बेरियमचा एक, टायटॅनियमचा एक, सिलिकॉनचे तीन आणि ऑक्सिजनचे नऊ अणू असतात. या चौदा अणूंपैकी एकटा बेरियम एकूण वजनाचा साधारण ३३ टक्के भाग उचलतो. गारगोटीचे विशिष्ट गुरुत्व २.६५ आहे, तर बेनिटोआइटचे सुमारे ३.६५. सांगलीच्या सराफ कट्ट्यावरचा कोणताही जाणकार हे नाजूक काट्यावर पाहू शकेल: खडा हवेत ३.६५ कॅरट भरला तर पाण्यात बुडवून तो २.६५ भरेल, घट १ कॅरटची, आणि हवेतल्या वजनाला घटीने भागले की गुरुत्व मिळते. याच परीक्षेने तो नीलमपासून वेगळा पडतो, कारण नीलमचे गुरुत्व ४ आहे. ही परीक्षा महत्त्वाची आहे. कॅलिफोर्नियाच्या सान बेनिटो परगण्यात १९०७ साली हे निळे खडे प्रथम सापडले तेव्हा ते नीलमच समजले गेले होते. दहाच्या मापावर नीलमची कठीणता ९, याची ६ ते ६.५, म्हणजे गारगोटीनेही यावर ओरखडा उठतो. बर्कलीच्या विद्यापीठातील जॉर्ज लाउडरबॅक यांनी ते नवे खनिज असल्याचे दाखवले आणि परगण्याचे नाव त्याला दिले. पैलू पाडल्यावर प्रकाशाचे रंग वेगळे करण्याची त्याची शक्ती हिऱ्याच्या बरोबरीची आहे. १९८५ पासून ते कॅलिफोर्नियाचे राज्यरत्न आहे.

मी वर ‘विशिष्ट गुरुत्व’ लिहिले ते हट्टाने. हा शब्द बाद करून ‘सापेक्ष घनता’ वापरावा, असा आग्रह परिभाषेची काळजी वाहणारी काही मंडळी धरतात. घनतेचे गुणोत्तर आहे म्हणून तो शब्द शास्त्रशुद्ध आहे, हे मी नाकारत नाही. परंतु खनिजांच्या बाबतीत ‘गुरुत्व’ टाकून देणे म्हणजे हातातला दागिना मोडून तार काढणे आहे. बेरियमच्या खनिजाचे गुरुत्व सांगताना हजारो मैल आणि हजारो वर्षे दूर गेलेली दोन भावंडे, ‘बारुस्’ आणि ‘गुरु’, एका वाक्यात पुन्हा भेटतात. एवढी जुनी आणि नेमकी सोय दुसऱ्या कोणत्या पारिभाषिक शब्दाने दिली आहे, हे त्या मंडळींनी दाखवावे.

‘वलयी’ या शब्दाकडे येतो. सिलिकेटांचे वर्गीकरण त्यांतल्या धातूवरून होत नाही. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असा जो चतुष्फलक असतो, तो शेजारच्या चतुष्फलकांशी कसा जोडला गेला, यावरून ते होते. म्हणून ‘बेरियम सिलिकेट’ हा वर्ग नव्हे. त्या नावाखाली अनेक वर्गांतली खनिजे येतात. सॅनबोर्नाइट या खनिजात चतुष्फलकांचे थर असतात आणि वजनाचा निम्मा भाग बेरियमचा असतो. सेल्सियन हे बेरियमचे फेल्डस्पार (खडकांत सर्रास आढळणाऱ्या खनिजांच्या गटातले) असून त्यात चारी दिशांना पसरलेला सांगाडा असतो. एडिंग्टोनाइट हे बेरियमचे झिओलाइट. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत जी पांढरी-गुलाबी झिओलाइटे सापडतात, त्यांच्याच नात्यातले ते आहे. बेनिटोआइटमध्ये मात्र तीन चतुष्फलक एकमेकांचे हात धरून बंद वलय करतात. तीन ऑक्सिजन सामाईक झाल्यामुळे तीन सिलिकॉनमागे नऊ ऑक्सिजन उरतात. पन्ना ज्याचा प्रकार आहे त्या बेरिलमध्ये सहा चतुष्फलकांचे वलय असते. बेरिल आणि बेरियम ही नावे मात्र केवळ ऐकायला सारखी आहेत; बेरिलचे नाते ‘वैडूर्य’च्या प्राकृत रूपाशी आहे, ‘गुरु’शी नाही.

विद्यार्थ्यांना येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकास तीन हे सिलिकॉन-ऑक्सिजनचे प्रमाण वलयात असते तसेच साध्या लांब साखळीतही असते, म्हणून सूत्र पाहून वलय ठरवता येत नाही. बेनिटोआइटमधले तीनाचे वलय क्ष-किरणांच्या साहाय्याने झाखारियासेन या स्फटिकशास्त्रज्ञांनी १९३० साली उलगडले, तेव्हा त्याचा वर्ग पक्का झाला. याच बांधणीत टायटॅनियमच्या जागी कथील आले की पाब्स्टाइट आणि झिर्कोनियम आले की बाझिराइट ही भावंडे होतात. बदलतो तो टायटॅनियमच्या जागेवरचा धातू, बेरियम तिघांतही कायम.

स्फटिकाच्या आकाराबद्दल ‘षट्कोनी प्रणाली’ असे लिहावे लागेल आणि मुले लगेच विचारतील की, मग खडा त्रिकोणी का दिसतो? त्याचा चापट, शिंगाड्यासारखा त्रिकोणी आकार खरोखर डोळ्यांत भरतो. प्रणाली ही सममितीवरून ठरते, बाह्याकृतीत किती कोपरे दिसतात यावरून नव्हे. हेसेल या जर्मन खनिजशास्त्रज्ञांनी १८३० साली गणिताने स्फटिकांचे ३२ वर्ग सिद्ध केले होते. त्यांपैकी ज्या एका वर्गाचे उदाहरण निसर्गात तोवर मिळाले नव्हते, त्याचे पहिले खनिज बेनिटोआइट ठरले. म्हणून टिपणात ‘षट्कोनी प्रणाली, त्रिकोणी बाह्याकृती’ असे दोन्ही शब्द लिहावेत आणि एकाने दुसऱ्याला खोडू नये.

राहिला ‘भार’चा खरा ग्रीक भाऊ. तो ‘फॉस्फरस’ या शब्दात आहे. ‘फोस्’ म्हणजे प्रकाश, जो आपल्या ‘भा’ या धातूच्या कुळातला, आणि ‘फोरोस्’ म्हणजे वाहणारा, जो ‘भृ’च्या कुळातला, संस्कृतात याची हुबेहूब रचना केली तर ती ‘भाभर’ होईल. आपल्या उसाच्या पट्ट्यातला शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश म्हणताना ज्याला ‘स्फुरद’ म्हणतो, ते हेच मूलद्रव्य. याहून सुंदर गोष्ट अशी की, सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्याजवळ सापडणारा एक जड दगड कोळशात भाजल्यावर अंधारात उजळतो असे आढळले, आणि त्या दगडाला ‘बोलोन्याचा फॉस्फरस’ म्हणू लागले. फॉस्फरस हे मूलद्रव्य १६६९ साली सापडले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तो दगड होता बराइट. म्हणजे ‘गुरु’च्या भावाचे नाव मिळण्याआधीच बेरियमच्या दगडाला ‘भार’च्या भावाचे नाव लाभले होते.

टिपणात याचा थेट उपयोग आहे. अतिनील प्रकाशाच्या आखूड लहरींखाली बेनिटोआइट झळझळीत निळे दिसते आणि दिवा मालवताच ती निळाई थांबते. या गुणाला ‘प्रतिदीप्ती’ म्हणावे. बोलोन्याचा दगड उजेड काढून घेतल्यावरही उजळत राहत असे. त्याला ‘स्फुरदीप्ती’ हा शब्द आहे, आणि तो बेनिटोआइटला लावू नये.